हिरा, नवरा राघो

मंदाताई साळवी गेल्याची खबर सरकारी खिडकीवर मीच दिली. आतल्या पोरानं कॉम्प्युटरवरून नजर न काढता विचारलं, "मयत तुमची कोण?" मी म्हटलं, भाची. तेव्हा त्यानं मान वर केली. समोर डोक्याला टॉवेल गुंडाळलेला सत्त्याहत्तर वर्षांचा काळाकुट्ट आगरी म्हातारा, आणि फॉर्मवर पत्ता कळंबोलीच्या सोसायटीतल्या फ्लॅटचा. त्याला ते जुळेना.

"सख्खी का?"

"तुज्या फारमात सख्ख्या-सावत्राचा रकाना हाय काय?"

नव्हता. मग लिही म्हटलं.

मंदाताई त्या खिडकीमागे असती तर मला एवढ्यावर सोडलं नसतं. मुंबईत अशाच एका खिडकीमागे तिनं तीस वर्षं काढली. अर्ध्या शहराचे जन्म आणि अर्ध्या शहराची मरणं तिच्या हाताखालून गेली असतील. नातं सांगणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे ती बघतच नसे, हाताकडे बघे, हातात कागद आहे का म्हणून. आमच्या घरी सहा-सात महिने आली, आमच्या म्हातारीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, हातचं जेवली, पण मला बरेच दिवस 'नाना'च. एकदा मी चिडवलं, की मामा म्हणायला तुझी जीभ झिजते काय? तर म्हणाली, "कागदाशिवाय नातं जोडायचं नाही, नाना. जोडलं की तोडता येत नाही."

मी तिसरी शिकलो. नंतर मिठागरात गेलो, मिठागरं गेल्यावर कंटेनर यार्डात गेटवर बसलो. पण हे मी स्वतः लिहितोय, कोणाला सांगून लिहून घेतलेलं नाही. तिचं सांगायचं तर दुसऱ्याच्या हातानं नको.

पहिल्यांदा आली ती उन्हाळ्यातल्या भर दुपारी. आमचं गाव जासईच्या पलीकडे, खाडीच्या तोंडाशी. मोठ्या रस्त्यावर उतरून यार्डांच्या भिंतींमधून दीड मैल चालत यावं लागतं. आमची म्हातारी अंगणात सुकट पसरत होती. फाटकाशी एक बुटकी बाई उभी. पांढरी साडी, काखेत जाड फाइल, गळ्यात काळ्या दोऱ्यात भिंग. आणि विचारते काय, "राघो घरी आहे का?"

राघो माझा बाप. त्याला जाऊन बेचाळीस वर्षं झालेली.

म्हातारीचा हात सुकटीतच राहिला. ती म्हणाली, "तं तं कवाच गेलं."

"हो, ते ठाऊक आहे मला," बाई म्हणाली. "घर हेच ना?" आणि चप्पल काढून ओटीवर येऊन बसली.

ती गेल्यावर म्हातारीनं मीठ-मिरच्या उतरून चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका आला नाही, असं ती अजून सांगते. मी मानत नाही. मिरच्या जुन्या असतील.

ही तिची खोडच होती. मेलेल्या माणसाला ती 'होता' म्हणत नसे. "राघो नोंद द्यायला उशीर करतो, पण देतो." "तुमचा आजा अंगठा डाव्या हाताचा लावतो, उजवा दुखावलाय वाटतं त्याचा." ऐकणाऱ्याला वाटावं, ही वाटेत त्यांनाच भेटून आली. आणि तिची वही. जिवंत माणूस पेन्सिलीनं लिहायचं, मेलेलं शाईनं. माझं नाव पेन्सिलीनं लिहिलेलं बघून मी म्हटलं, शाईनं लिवा, मी एवड्यात पुसला जायचा नाय. तिनं पेन्सिलीला टोक काढत सांगितलं, "शाईची घाई करू नये, नाना."

फाइल घेऊन आलेल्या माणसानं आमच्या गावाला कधी काही दिलेलं नाही, नेलंच आहे. म्हणून मी पहिल्याच दिवशी सरळ विचारलं, बाई, तुमाला पायजे काय?

तिला एक नाव पाहिजे होतं.

तिची आई सरस्वती आदल्या वर्षी वारली होती, ऐंशीला टेकून. दिवस करताना गुरुजींनी आईच्या आईचं नाव विचारलं, आणि हिला येईना. आई मुंबईत मामाकडे वाढलेली. मामानं तिला तिच्या आईबद्दल कधी चकार शब्द सांगितला नव्हता. गुरुजी म्हणाले, नाव नसलं तरी चालतं, पुढे जाऊ. ही पाटावरून उठली. मला म्हणाली, "तीस वर्षं मी नाव नाही म्हणून लोकांचे फॉर्म परत केले. मग माझ्याच आईच्या आईला बिननावाची कशी पाठवू?"

तिच्याजवळ एकच कागद होता, आईच्या ट्रंकेत सापडलेलं वर्तमानपत्राचं कात्रण, पिवळं, चण्याच्या पुडीएवढं. त्यात सरस्वतीच्या लग्नाच्या चार ओळी. मामानं हौसेनं छापल्या असतील. त्यात 'राघो यांची कन्या' आणि आमच्या गावाचं नाव.

मी म्हटलं, माझ्या बापाला मुलगी नव्हती. मी एकुलताच. दुसरा राघो असंल कोन.

माझ्या समजुतीपुरतं खोटं नव्हतं. पण सगळं खरंही नव्हतं. ते पुढे सांगतो.

लग्नाचा कागद आमच्याकडे मिळणारच नव्हता. आमच्यात लग्न धवलारीण लावी, म्हणजे धवले गाणारी म्हातारी. तिचं गाणं हाच दाखला. ती मेली की दाखलाही तिच्याबरोबर गेला. हे ऐकून मंदाताईनं कपाळाला हात लावला. मग खानेसुमारी. तिथलं ती हसून सांगायची, की मोजणीवाले घरोघर सगळ्यांची नावं लिहितात, बेरीज करतात आणि नावं टाकून देतात. "सरकारला माणसं किती ते हवं असतं. कोण, ते नको." तरी तिनं शोधलंच. एका कचेरीतल्या जुन्या गाठोड्यात आमच्या गावाची एका मोजणीची घरयादी राहून गेली होती. त्याच गाठोड्यात कोतवाल बुक होतं, गावचा कोतवाल जन्म-मरण ज्या वहीत टिपून ठेवी ती. नक्कल घरच्या माणसालाच मिळते, म्हणून मला घेऊन गेली. मी गेलो, कारण माझ्या बापाचं नाव परक्या बाईनं एकटीनं वाचावं हे मला पटेना.

वही मोडीत. वाळवीनं कडा खाल्लेल्या. मंदाताई भिंग लावून वाचायला लागली आणि तिचा आवाजच बदलला. जाड, सावकाश, जरा नाकातून. कोतवाल असाच बोलत असणार असं मला वाटलं. कारकून चहा पीत होता, तोही थांबला.

"मुलगी. बाप राघो, आई हिरा. नाव ठेवले नाही." तिचं बोट नऊ दिवस खाली सरकलं. "मयत. हिरा, नवरा राघो. वय अठरा. बाळंतरोग." मग तिनं पानं उलटली. तीन वर्षांची. "मुलगा. बाप राघो, आई हिरा."

तो मुलगा मी.

घरयादी त्यानंतरची होती. तिच्यात राघो, बायको हिरा, मुलगा एक. म्हणजे मेलेली बाई मोजणीत जिवंत. कारकुनानं कप खाली ठेवला. "नाना, तुमची आई तर तुमच्या आधी तीन वर्षं गेलीय. तुमी भुताच्या पोटचे की काय?"

तो थट्टा करत होता. मंदाताई करत नव्हती. तिनं चारही नोंदींवर बोट फिरवलं आणि म्हणाली, "खबर देणारा सगळीकडे राघोच. एक नवरा, एक बायको. मग मयताची नोंद तरी खोटी, नाहीतर नंतरच्या दोन. मेलेलं माणूस खोटं बोलत नाही नाना, खबर देणारा बोलतो."

माझ्या बापाला खोटा म्हणाली. मी तिथंच सांगितलं, पुन्हा माझ्या दारात यायचं नाही. नक्कलही घेतली नाही.

दारात आली नाही. पण कुंपणाबाहेर यायची. पंधरा दिवसांनी एकदा फाटकासमोर उभी राहून घराकडे बघायची, दोन-चार शब्द वहीत लिहायची आणि निघायची. आमची म्हातारी तिला पाणी द्यायची, पुढे पुढे भाकरीही. नाक्यावर गोष्ट पसरली होतीच. पोरं मला उन्हात उभं करून माझी सावली पडते का बघायची. मी शिव्या घालायचो, ती हसायची. पण संध्याकाळी घरी येताना मीही एकदा मागे वळून सावली बघितली, हे खरं.

मंदाताईनं तोवर एक तर्क बांधला होता, हिरा मेलीच नसावी. ती घर सोडून गेली असेल, राघोनं मुलीला मामाकडे दिलं, लोकांच्या तोंडी नको म्हणून बाळंतीणच मेल्याची खबर दिली, आणि पुढे ती परत आली असेल. चार महिने ती त्या तर्कामागे फिरली. मुंबईच्या वाचनालयात जुनी वर्तमानपत्रं पानन् पान चाळली. कुठे हिरा पळाली, सापडली, बुडाली अशी बातमी आहे का बघत. तीस वर्षं जन्ममरण लिहिलेली बाई, आणि ही साधी चूक करत होती. तिच्या खिडकीवर एक नाव म्हणजे एक माणूस. आमच्या घरात तसं नव्हतं. मला ठाऊक होतं. मी गप्प बसलो.

श्रावणात म्हातारीनं मला सुके बोंबील देऊन कळंबोलीला धाडलं. म्हणाली, "ती बाय वाळाया लागलीय. दे नं ये."

फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. समोरच्या रस्त्यानं लोखंड बाजाराचे ट्रक जायचे, पत्रे लादलेले. ट्रक गेला की फडताळातले पेले थरथरायचे. आणि दर वेळी मंदाताई तिकडे मान वळवून हळूच "हं" म्हणायची, कोणी आतून हाक मारल्यासारखी. आधी मला हसू आलं. पाचव्या-सहाव्या वेळेला हसू गेलं.

भिंतभर खाकी कागद चिकटवलेला. त्यावर तिच्या घरच्या बाया, आई, सासू, आजेसासू, चुलत्या. पुरुषाला एक चौकोन, बाईला दोन. एकात माहेरचं नाव, एकात सासरचं. लग्नात तांदळात नाव काढून बाईला नवं नाव देतात ना, म्हणून तिथंच सगळ्या हरवतात, असं ती म्हणाली. खाली हिराचे दोन चौकोन. सासरच्यात 'हिरा'. माहेरचा मोकळा. आणि अक्षरं खालपर्यंत येता येता मोठी होत गेलेली. शेवटची तर पाटीवर पोरानं काढावी तशी.

मी अक्षरांकडे बघतोय हे तिला कसं कळलं देव जाणे. म्हणाली, काचबिंदू आहे, एक डोळा गेलाय, दुसऱ्याला डॉक्टरनी दिवाळीपर्यंतची आशा दिलीय. तिला ते नाव स्वतःच्या हातानं, दिसत असताना लिहायचं होतं. दुसऱ्यानं लिहिलेलं तिला चालणार नव्हतं.

मग चहा गाळता गाळता, साखर किती विचारावी तशी म्हणाली, "हिरा रोज विचारते हो."

"काय विचारते?"

"मी मेले की नाही ते एकदा ठरव, म्हणते."

चहा मी प्यालो की नाही, आठवत नाही. तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण मी माझ्या हट्टानं इतकी वर्षं जगलेला माणूस, एका चहाला वाकेन कसा? उठलो आणि निघालो. जिना उतरताना वर पुन्हा पेले वाजले. रस्त्यावर आलो तर ट्रक एकही नव्हता.

घरी वेगळंच. माझा मुलगा दिनेश म्हणाला, "बाबा, सरकारनं नेलेल्या जमिनीच्या बदल्यातला साडेबारा टक्क्यांचा प्लॉट अजून नावावर व्हायचाय. ती बाई वारस म्हणून उभी राहिली तर? काय बोलू नका तिच्याशी." मी हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. म्हातारी मात्र तिच्याशी बोलत होतीच. तिनं हेही सांगून टाकलं.

आठ दिवसांनी मंदाताई आली. या वेळी फाटक ओलांडून, सरळ ओटीवर. फाइलमधून स्टँपपेपर काढला. हक्कसोड पत्र. राघोच्या जमिनीवर, प्लॉटवर, कशावरही माझा हक्क नाही, पुढे सांगणार नाही. साक्षीदार, शिक्के, सगळं बरोबर. सही मात्र ओळ सोडून खाली घसरलेली. दिनेश हात पुढे करून उभा होता. तिनं कागद माझ्या हातात दिला.

"हे तुमच्याकडे असू द्या. बदल्यात काही मागत नाही. नाव ठाऊक असेल तर सांगा, नसेल तर राहू द्या."

भांडली असती तर मी जन्मभर बोललो नसतो. फुकट दिलेलं मात्र मला पचत नाही. मी कोणाचं ठेवून घेतलेलं नाही.

मी दिनेशला आत पाठवलं आणि सांगितलं. माझी आई दुसरेपणाची. पहिली बाळंतपणात गेली आणि वर्षानं बापानं दुसरी आणली. आमच्या घराची रीत, की आधीची रुसू नये म्हणून नवीला तिचंच नाव द्यायचं. म्हणून दोघी हिरा. कोतवालाचं खरं, बापाचं खरं, मोजणीचंही खरं. माझ्या आईच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात चांदीचा टाक असे, सवतीचा. जेवायला बसली की आधी टाकाला हात लावायची, एक घास बाजूला काढायची आणि पुटपुटायची, "आंबे, जेव गो." मी लहानपणी विचारलं, आंबी कोन? तेव्हा म्हणाली, "जिचे नावान मी नांदतंय, ती. तिचं नाव मी घेतलं, तं तिचं माहेरचं तिला नको ऱ्हावाया? तू कोनाला सांगू नको." गावात बायका आईला दुसरेपणाची म्हणून टोचायच्या. मोठा झाल्यावर माझ्या देखत तसं बोलायची कोणाची छाती झाली नाही. पुढे लोक विसरले. मी विसरू दिलं. त्यांच्याबरोबर आंबीही विसरली जाते, आणि तिची पोर कुठे गेली हेही, हा हिशेब मी कधी केला नाही.

मंदाताईनं गळ्यातलं भिंग हातात घेतलं. मग जुन्या सवयीनं विचारलं, "पुरावा?"

मी देव्हाऱ्यातून टाक आणून तिच्या तळहातावर ठेवला. तिनं भिंग लावून बघितलं, मग भिंग बाजूला ठेवून अंगठ्यानं चाचपलं. टाकावरची बाई घासून घासून गुळगुळीत झालेली, नाक-डोळे राहिले नव्हते. अंगठा तिच्या तोंडावरून परत परत फिरत होता. मग वही काढली, पेनचं टोपण काढलं आणि पानभर अक्षरात लिहिलं, आंबी. शाई सुकेपर्यंत कोणी हललं नाही.

"मामा, पाणी द्या," ती म्हणाली.

पाणी प्यायली. पेन अजून उघडंच होतं. तिनं दुसरं पान काढलं.

"आणि तुमच्या आईचं माहेरचं नाव?"

मला ठाऊक नव्हतं. आत म्हातारीला विचारलं, तिलाही ठाऊक नाही. वीस वर्षं सासूच्या हाताखाली राहिलेली सून ती. माझी आई दिवसातून दोनदा सवतीचं नाव घेई. तिचं स्वतःचं घेणारं घरात कोणी नव्हतं. आणि मी, आईला दुसरेपणाची म्हटलं म्हणून लोकांच्या अंगावर धावून गेलेला तिचा एकुलता पोरगा, मला आजवर ते विचारायचं सुचलंही नव्हतं. मंदाताई पेन धरून वाट बघत होती. तिच्या त्या एका डोळ्यासमोर मला बसवेना. मी उठून अंगणात गेलो.

सर्वपित्रीला ती सकाळीच आली. गुरुजी नको म्हणाली, नाव मिळालंय, बाकीचं मी करते. आम्ही दोघं बांधावरून खाडीपर्यंत गेलो. भरती चढत होती. गुडघाभर पाण्यात उभी राहून तिनं ओंजळ भरली. पहिली सरस्वतीला. दुसरी आंबीला. ते नाव तिनं मोठ्यानं घेतलं, पलीकडच्या यार्डाच्या भिंतीवर आपटून परत आलं. परत आलेला आवाज तिचा वाटला नाही. जरा कोवळा वाटला. मी कानात बोट घालून झटकलं, वारा होता.

तिसरी ओंजळ तिनं माझ्या आईसाठी भरली. हिरा म्हणायला तिची जीभ वळेना. दुसऱ्याचं नाव घेऊन तिला पाणी कसं द्यायचं? तशीच उभी राहिली. बोटांच्या फटीतून पाणी गळून ओंजळ रिकामी झाली, तेव्हा म्हणाली, "शोधू, मामा. तिच्या माहेरच्या गावचं कोतवाल बुक असेल कुठेतरी."

मी थोडा वेळ पाण्याकडे बघत तिथंच बसलो. ती बसच्या वेळेला म्हणून पुढे निघाली. त्यानंतर ती मला जिवंत दिसली नाही. दिवाळीआधीच झोपेत गेली. शेजाऱ्यांना वहीत माझा नंबर सापडला.

त्या सकाळी ती बांधावरून कशी गेली ते सांगायचं राहिलं. आमचा बांध फार तर दोन हात रुंद. मधली वाट पायांनी कठीण झालेली, कडा चिखलाच्या. एक डोळा गेलेली बाई, आणि चालत होती ती अगदी कडेनं. पाय घसरत होते, साडी चिखलात लोळत होती, आणि मधली कोरडी वाट तशीच मोकळी. मी ओरडलो, "मंदे, मधून चाल. पडशील."

तिनं वळून बघितलं नाही. हात जरासा वर केला, गप्प राहा म्हणतात तसा, आणि मान कलती करून चालत राहिली. शेजारच्याचं बोलणं ऐकत चालणारा माणूस तसाच चालतो. यार्डाच्या भिंतीपर्यंत गेली आणि वळणावर दिसेनाशी झाली.

मी उठून धोतर झटकलं. भूतबीत मी मानत नाही, आजही मानत नाही. घरी आलो तो बांधाच्या दुसऱ्या कडेनं, चिखलातून.